एकोणीस जणींचा एक चेहरा

"मालनताई, या एकोणीस बायका नाहीत. ही एकच बाई आहे."

इरावती नाफडे हे म्हणाली तेव्हा मी तिच्या कपात साखर घालत होते. ती बिनसाखरेचा चहा पिते हे मला दोन महिन्यांपासून ठाऊक होतं, तरी चमचा रिकामा झाला. तिनं लॅपटॉप काउंटरवर ठेवून माझ्याकडे वळवला. पडद्यावर काळ्यापांढऱ्या फोटोंच्या ओळी, प्रत्येक फोटोखाली नंबर, आणि नंबर माझ्या रजिस्टरातला.

"कोण म्हणतं?"

"मशीन म्हणतं. आणि आमचे सर म्हणतात."

मशीनचं मला काही वाटलं नाही. सरांचं वाटलं.

याला आता सात वर्षं झाली. वडूजला एस. टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा शेटे फोटो स्टुडिओ होता, अजूनही आहे. वडिलांनी काढला, त्यांच्यामागं माझ्याकडे आला. फोटो काढायला आणि त्यांच्यावर हात फिरवायला रंगनाथ तारळेकर. ते शहाऐंशी सालापासून आमच्याकडे, रिटचर म्हणून आले आणि पुढं सगळंच करू लागले. मी सत्त्याऐंशीपासून काउंटरवर. माझं काम रजिस्टर. नंबर, तारीख, नाव, गाव, फोटोचं कारण, शेरा. तोवरच्या एकतीस वर्षांत त्या रजिस्टरात एक खाडाखोड नव्हती. नाव नीट ऐकू आलं नाही तर तीनदा विचारायचं, पण लिहायचं एकदाच.

रजिस्टर लिहिणाऱ्याला माणसं जरा वेगळी दिसतात. नावाच्या आधी हुद्दा सांगणारा फोटो न्यायला उशिरा येतो. नाव सांगताना नवऱ्याकडे बघणारी बाई फोटो काढताना मात्र कुणाचं ऐकत नाही. गावाचं नाव हळू आवाजात सांगणारा हटकून तालुक्याच्या पुढाऱ्याचा पाहुणा निघतो. असली माहिती लिहायला रकाना नसतो, ती डोक्यात राहते.

इरावती पहिल्यांदा आली ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडून. सत्तावीसएक वर्षांची, पायात बूट, पाठीवर सॅक, आणि प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसायची चांगली सवय. चेहरा ओळखणारी मशीन हल्ली कुठं कुठं बसवतात ते तिनं मला सांगितलं. तिची प्रयोगशाळा तसली मशीन बनवत नव्हती. दुसऱ्यांनी बनवलेल्यांची परीक्षा घेत होती.

"म्हणजे तुम्ही त्याला शिकवत नाही?"

"नाही ताई. आम्ही फक्त पेपर काढतो."

पेपर असा. एकाच माणसाचे दोन फोटो, मध्ये पुष्कळ वर्षं. मशीननं सांगायचं, माणूस एकच की दोन. आतापर्यंतच्या पेपरांत म्हणे सगळे परदेशातले लोक आणि सिनेनट, लख्ख उजेडात काढलेले. उन्हानं रापलेली, कुंकवाची, डोक्यावर पदर घेतलेली आपली माणसं त्यात नव्हतीच. म्हणून ती जुने फोटो शोधत गावोगाव हिंडत होती. बहुतेक स्टुडिओंनी जुन्या निगेटिव्ह चांदी काढणाऱ्यांना देऊन टाकल्या होत्या. आमच्याकडे खोकीच्या खोकी, नंबरवार.

"आणि पेपरची उत्तरं?" मी विचारलं.

"उत्तरं म्हणजे तुमचं रजिस्टर."

तेव्हा मी खुर्चीत जरा सरळ बसले हे कबूल करते.

दोन महिन्यांत आम्ही दोनशे बारा माणसं जमवली. जुन्या नंबरावरून माणूस हुडकायचा, त्याला सगळं समजावून संमतीच्या कागदावर सही घ्यायची, नवा फोटो काढायचा, एक प्रत त्याला भेट द्यायची. निवृत्त हेडमास्तर आले ते जुन्या फोटोतले केस नव्यात बसवून मिळतील का विचारायला. एक जण भावाला घेऊन आला आणि दोघांनी एकमेकांच्या नावावर बसायचा बेत केला, मशीनची गंमत बघायला. माझ्यासमोर तो बेत अर्धा मिनिट टिकला. बायकांसाठी इरावतीनं दोन रकाने वाढवले, माहेरचं नाव आणि सासरचं नाव, कारण जुना फोटो एका नावाचा आणि नवा दुसऱ्या नावाचा. नव्या फोटोंना रिटचिंग करायचं नाही हा तिचा कडक नियम होता. तारळेकर प्रत्येक फोटोनंतर लोकांच्या सुरकुत्यांकडे असं बघायचे की जणू ताटातलं अन्न टाकून उठायला लावलंय.

मलाही पेपरला बसा असं इरावतीनं दोनदा सुचवलं. मी म्हटलं, उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्यानं पेपरला बसू नये. ती हसली. खरं कारण काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होतं.

तर त्या मंगळवारी एकोणीस बायकांचा प्रश्न घेऊन ती आली. नवे फोटो बघितले की मशीन म्हणत होतं, एकोणीस वेगळ्या बायका. जुने बघितले की म्हणत होतं, सगळीकडे एकच. तिच्या सरांनी त्याचा अर्थ असा काढला होता की आम्हाला या एकोणीस जणींचे जुने फोटो सापडले नाहीत, म्हणून कुणा एकीचेच वेगवेगळ्या साड्यांतले फोटो घालून आम्ही आकडा भरला. आणि उत्तरं एकोणीस ठिकाणी खोटी असतील तर उरलेली तरी खरी कशावरून? शुक्रवारी पुण्यात बैठक होती. तिथं दोनशे बाराच्या दोनशे बारा माणसं बाद होणार होती.

"काही गोंधळ झाला असेल का, ताई?" तिनं विचारलं.

खोटेपणाला गोंधळ हा शब्द सभ्य माणसं वापरतात. मी तो रजिस्टरासकट समजले.

तारळेकरांना हाक मारली. ते मागच्या खोलीतून आले, चष्मा पुसला, लॅपटॉपवर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"रिटचिंग माझंच आहे," ते म्हणाले.

"ते दिसतंय. चेहरे एकसारखे कसे?"

"मी चेहरा बदलत नाही, मालकीणबाई. धूळ झाडतो."

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकत होते. ते मला मालकीणबाई म्हणायचे, मी त्यांना तारळेकर म्हणायची, आणि आमचं बोलणं कामापुरतं असायचं. त्यांनी खोक्यातून एक निगेटिव्ह काढली आणि खिडकीशी तिरपी धरून इरावतीला दाखवली. सरळ धरली तर काही दिसत नाही. तिरपी धरली की गालाच्या जागी पेन्सिलीची बारीक चकाकी दिसते. सुईसारखं टोक करून ठिपक्याला ठिपका लावलेला असतो, तिथं छापताना उजळ येतं. जबड्याच्या कडेला पात्यानं हलकं खरवडलेलं असतं, तिथं काळं येतं, आणि रुंद हनुवटी सावलीत निमुळती होऊन जाते. त्या काळी हात फिरवणं म्हणजे हे. आणि तो निगेटिव्हवरच फिरवलेला असल्यानं खालचा मूळ चेहरा कुठंच शिल्लक राहत नाही.

इरावतीनं चार निगेटिव्ह तशाच तिरप्या धरून बघितल्या. मग तिनं बरोबर तोच प्रश्न विचारला जो मी विचारायला नको म्हणून गप्प होते. रिटचिंगनं चेहरा गुळगुळीत होईल हे समजलं, पण सगळ्या जणी एकाच बाईसारख्या का व्हाव्यात?

तारळेकर टेबलाशी जाऊन बसले आणि पेन्सिलीला टोक करू लागले. त्या टेबलावर पेन्सिलीचं काम बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

मी रजिस्टरं काढली. एकोणीस नंबर एका कागदावर उतरवले. सगळ्यांच्या फोटोचं कारण एकच, 'दाखवण्यासाठी'. मुलीच्या लग्नाचं बघायला लागले की पत्रिकेबरोबर पाहुण्यांकडे जो फोटो पाठवायचा तो. त्या काळात तालुक्यातल्या निम्म्या मुली त्या फोटोसाठी आमच्या निळ्या पडद्यासमोर बसून गेल्या होत्या. आमच्या दोनशे बारांत तसल्या फोटोच्या एकोणीसच बायका होत्या, आणि एकोणीसच्या एकोणीस सारख्या निघाल्या होत्या. पुरुषांचे फोटो ठीक, शाळेचे ठीक, कुटुंबाचे ठीक. शेवटचा नंबर शहाण्णव सालचा, त्यानंतर रंगीत फोटो आले आणि पेन्सिल गेली. पहिला नंबर ४५३१, एप्रिल सत्त्याऐंशी.

४५३१ वर माझं बोट थोडं थांबलं. काही पानं मागं उलटली, बघितलं आणि रजिस्टर मिटलं. त्याबद्दल मी कुणाला काही बोलले नाही.

"फोटो त्यांच्याकडे असतील," मी इरावतीला म्हटलं.

"कुणाकडे?"

"त्याच बायकांकडे. लग्न जमलं की दाखवायचा फोटो परत येत नाही, सासरी राहतो. प्रत्येकाच्या पाठीवर आमचा शिक्का आहे, नंबर आहे, आणि तो माझ्या तेव्हाच्या अक्षरात आहे. एकाच बाईचे फोटो एकोणीस सासरी कसे गेले असतील ते तुझ्या सरांनी सांगावं."

"सरांना एवढं पटेल?"

"ते सरांचं ते बघतील. मला माझं रजिस्टर खरं करायचंय."

बुधवार फोन करण्यात गेला. गुरुवारी दुपारी तीनला सतरा बायका आल्या. एक मुलीच्या बाळंतपणाला गेलेली आणि एक गुडघ्यानं अडलेली, त्या दोघींनी फोटोच्या दोन्ही बाजू मोबाइलवर पाठवल्या. चाळीस ते पंचावन्नच्या सतरा बायका आमच्या एवढ्याशा स्टुडिओत बसल्या की काय होतं ते बाहेरच्या गल्लीनं ऐकलं. बाक पुरला नाही, पडद्यासमोरची नक्षीची खुर्ची घेतली, फोटोत लहान मुलं बसवायचा लाकडी घोडासुद्धा एकीनं घेतला.

फोटो कुठून कुठून आले होते. अल्बममधून, कपाटाच्या कागदाखालून, एक तर देवाच्या तसबिरीच्या मागून. प्रत्येकीकडे फोटोची एक हकिकत होती. एकीच्या सासूनं अंतरपाट खाली आल्यावर भर मांडवात विचारलं होतं, फोटोतली कुठाय म्हणून. दुसरीच्या सासूनं तो फोटो भिंतीवर लावला आणि सुनेशी भांडण झालं की फोटोकडे बघून बोलायची, फोटोतली सून जास्त समजूतदार वाटायची म्हणे. कुरोलीच्या चंपाताई लिगाडे पूर्वी अंगणवाडीत असलेल्या, आवाज अजून अंगणवाडीचाच. त्यांनी पिशवीतून फोटो काढून काउंटरवर आपटला.

"फोटो माझा हाय. तोंड कुणाचं हाय ते मला एकतीस वर्षं झाली, कळलं नाही. नवऱ्याला इचारलं तर म्हणतो, आता काय उपयोग."

मी सगळे फोटो काउंटरवर पालथे मांडले. सतरा शिक्के, सतरा नंबर, माझ्या विशीतलं टोकदार अक्षर. रजिस्टर उघडून एकेक नंबर मोठ्यानं वाचला, एकेक बाई हात वर करत गेली. मोबाइलवरचे दोन शेवटी धरले. इरावतीनं पाठींचे फोटो काढून घेतले. एकोणीस नोंदी, एकोणीस बायका. मी टोपण लावून पेन खाली ठेवला. माझ्यापुरतं काम झालं होतं.

मग इरावतीनं फोटो एकेक करून उताणे केले.

हे फोटो पूर्वी कधी एका जागी आलेच नव्हते. एकेक फोटो एकेका गावाला गेला, तिथल्याच घरात राहिला. आता सतराच्या सतरा शेजारी शेजारी पडले होते. साड्या वेगळ्या, नाकातलं वेगळं, केसांचे भांग वेगळे. दोघी जणींनी एकच फोटो उचलला आणि ही मी, नव्हं ही मी, असं चाललं. शेवटी पाठीवरचा नंबर बघून मी निकाल दिला.

चंपाताई काउंटरवर वाकून ओळीनं बघत होत्या. मी त्यांच्यासमोर पुन्हा पेन उचलून, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन शेऱ्याच्या रकान्यात 'मूळ प्रत पाहिली' असं लिहीत होते. त्यांनी फोटोंवरून मान वर केली आणि ती खाली नेलीच नाही.

"आगं," त्या म्हणाल्या, "ही मालन हाय."

मी म्हटलं, काहीतरीच. पण सतरा जणी एकदम पुढं सरकल्या होत्या आणि फोटोकडे एकदा, माझ्याकडे एकदा असं बघत होत्या.

"काहीतरीच काय? हनुवटी बघ. आन् हा डावा डोळा बघ, पापणी जरा झोपल्यागत. सगळ्यांची डावी पापणी झोपलीय. माझी कुठं झोपलीय? हे बघ." त्यांनी माझ्यापुढं डोळे वटारून दाखवले.

माझी डावी पापणी जन्मापासून किंचित उतरलेली आहे.

इरावती सावकाश मागं वळली. "काका, रिटचिंगमध्ये दोष काढतात ना? तुम्ही हा घातलात का?"

तारळेकर आमच्याकडे पाठ करून टेबलाशी बसले होते.

नऊ-दहा वर्षं मी ते फोटो पाकिटात घालून लोकांच्या हातात दिले, मग मला कसं दिसलं नाही, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. मी फोटो बघतच नव्हते. नंबर बघत होते. स्वतःचा चेहरा बघायची हौस मला विसाव्या वर्षीच संपली होती.

"ताई, तुमचा तेव्हाचा एखादा फोटो आहे?" इरावतीनं विचारलं.

"नाही."

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. मी तो उघडला नाही. पण तारळेकर उठले. त्यांनी आपल्या टेबलाचा वरचा खण ओढला, पेन्सिलींचा डबा बाजूला केला आणि एक पिवळं पडलेलं पाकीट काढून इरावतीपुढं ठेवलं.

"निगेटिव्ह आहे," ते म्हणाले.

पाकिटावर नंबर होता ४४१७. मंगळवारी पानं उलटून मी तोच बघितला होता. तारीख फेब्रुवारी सत्त्याऐंशी, नाव मालन शंकर शेटे, कारण दाखवण्यासाठी. आणि शेरा, 'निगेटिव्ह गहाळ'. निगेटिव्हच्या खोक्यात त्या नंबराची खाच एकतीस वर्षं रिकामी होती, आणि मी ती गहाळ लिहून मोकळी झाले होते.

इरावतीनं ती खिडकीशी नेली. तिरपी धरली, उलटी करून धरली, परत तिरपी धरली. आता तिला ते बघायला येत होतं.

"याच्यावर काहीच चकाकत नाही. याला हातच लावलेला नाही."

"नाही लावला," तारळेकर म्हणाले.

तिनं ती लॅपटॉपमध्ये घेतली. मशीनला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात सतरा बायकांनी दोन फेऱ्या चहा घेतला आणि कुणी एक शब्द बोललं नाही, हे वडूजच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं असेल. निकाल आला. जुन्या एकोणीस फोटोंतली बाई ती ४४१७ ची बाई, एकोणीसपैकी एकोणीस. इरावतीचा चेहरा उजळला. फसवणूक नाही, चूक नाही, एका रिटचरचा हात, आणि हाताला एक नमुना. शुक्रवारी सरांपुढं मांडायला तिच्याकडे आता पाठीवरच्या नंबरांसकट सगळं होतं.

चंपाताईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे माझं लग्न हिच्या तोंडावर जमलं म्हणायचं."

तेव्हा हसू फुटलं ते आवरेना. लाकडी घोड्यावरची बाई घोड्यावरून उतरली. कुणी मला हात जोडले, कुणी म्हणाली आता नवऱ्याला पाठवते, आभार मानून जाईल. मीही हसले. हसू ओसरलं तशी चंपाताईंनी सरळ विचारलं, त्यात खोच नव्हती.

"मग तुझं का गं नाही जमलं?"

आता ड्रॉवरमधलं सांगते. माझा दाखवायचा फोटो तीन घरी गेला आणि तिन्ही घरांतून परत आला. तिसऱ्यांनी पत्रात कारणही लिहिलं, मुलीच्या डोळ्यात व्यंग दिसते. वडिलांनी फोटो देण्याआधीच तारळेकरांना बजावलं होतं की पापणी उचला, आणि ते हो म्हणाले होते. पत्र आल्यावर मी फोटो नीट बघितला. पापणी जिथं होती तिथंच. तो परत आलेला फोटो मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि वडिलांना म्हटलं, मला आता दाखवू नका, काउंटरवर बसवा. अख्ख्या तालुक्याच्या मुली देखण्या करून पाठवणाऱ्या माणसानं मालकाच्या मुलीला तेवढं वगळलं होतं. ही नोंद मी कुठल्या रजिस्टरात केली नव्हती, पण ती होती. कामापुरतं बोलायचं ते त्यामुळं.

चंपाताईंना मी एवढंच म्हटलं, "माझ्याच फोटोत माझं तोंड होतं ना."

पाच वाजता सगळ्या गेल्या. इरावतीनं पुण्याची गाडी पकडायच्या आधी मला खुर्चीत बसवलं, नवा फोटो काढायला लावला आणि संमतीच्या कागदावर सही घेतली. नंबर २१३. रजिस्टरात मीच मला लिहिलं. माहेरचं नाव लिहिलं. सासरचं नाव हा रकाना रिकामा सोडला.

ती गेल्यावर तारळेकर कॅमेऱ्याच्या भिंगाला टोपण लावत होते. मी काउंटरच्या आतूनच विचारलं.

"बाबांनी पापणी उचलायला सांगितली होती. का नाही उचललीत?"

टोपण नीट बसलं होतं, तरी त्यांनी ते काढून परत लावलं.

"दोन दिवस पेन्सिल घेऊन बसलो होतो. लावायची कुठं, ते सापडलं नाही."

बाहेर एस. टी. स्टँडवर कुठलीशी गाडी लागल्याची घोषणा झाली आणि संपली.

"एकतीस वर्षं सांगायला काय झालं होतं?"

"मी पगारी माणूस, तुम्ही मालकाच्या घरच्या. मग फोटो परत आले, माझ्यामुळं आले. त्यावर आणखी काय सांगणार होतो? आणि निगेटिव्ह कुठंय म्हणून तुम्ही एकदाही विचारलं नाही. गहाळ लिहून टाकलंत."

"आणि त्या एकोणीस जणी?"

"ते मला आज कळलं," ते म्हणाले. "धूळ झाडत गेलो की हात आपोआप तिथं जायचा."

माणसं ओळखण्याचा माझा अंदाज सहसा चुकत नाही. पण हे तारळेकर माझ्यापासून बारा फुटांवर बसत होते. आई-वडील आणि दोन बहिणींचं करता करता त्यांचं लग्न राहिलं, ते पेन्सिलीशीच लागलंय असं गाव म्हणायचं आणि मीही म्हणायची. मी सत्त्याऐंशीचं रजिस्टर काढलं. ४४१७ समोरच्या 'गहाळ' वर एक आडवी रेघ ओढली, पुढं 'सापडली' लिहिलं, तारीख घातली, सही केली.

तारळेकर जवळ येऊन बघत होते. "खाडाखोड केलीत?"

"केली," मी म्हटलं. "चहा घेणार का? माझा राहिलाय."

त्या शुक्रवारी दोनशे बारा माणसं बाद झाली नाहीत. सरांनी माफी मागितली नाही, पण पत्र पाठवलं आणि त्यावर 'श्रीमती मालन शेटे यांस' असं नीट लिहिलं, ते मी भरून पावलं म्हणून घेतलं. एकोणीस जणींचा वेगळा पेपर झाला. रिटचरच्या हाताला फसून वेगळ्या बायकांना एक म्हणतं ते मशीन नापास. इरावतीनं कळवलं की पहिल्या फेरीत पाच मशीन बसली आणि चार नापास झाली. चंपाताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, माझा सासरा त्याच वर्गातला.

पुढच्या फेब्रुवारीत मी रजिस्टराचं एक दुरुस्त पान पुण्याला पाठवलं. उत्तरं जिच्याकडे आहेत तिनं ती ताजी ठेवायला हवीत. चार दिवसांनी इरावतीचा फोन आला. तारळेकर पडदा बदलायला स्टुलावर चढले होते. हल्ली निळ्याऐवजी राखाडी चालतो.

"ताई, तुमच्या पानात काहीतरी झालंय. २१३ ला सासरच्या नावाचा रकाना आधी रिकामा होता, आता भरलेला दिसतोय. टाइप करताना कुणाची तरी ओळ सरकली वाटतं."

"काय लिहिलंय वाच."

तिनं वाचायला सुरुवात केली. "मालन रंगनाथ..." आणि थांबली.

स्टुलावरचा माणूसही थांबला होता, पडद्याचं एक टोक हातात धरून.

"ओळ सरकलेली नाही," मी म्हटलं. "रकाना भरायला उशीर झाला, एवढंच."